एकट्याने रानात, धनुष्य घेऊन : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या फ्लॅट टॉप्स या डोंगराळ रानातल्या माझ्या सप्टेंबरच्या एल्क हंटबद्दल लिहिलं होतं, पाच रात्री एकटा, घर पाठीवर आणि हातात कंपाउंड बो, म्हणजे चाकांवरून दोरी ओढायचं आधुनिक धनुष्य. त्यावर खूप प्रश्न आले. काही कायद्याचे, काही सामानाचे, आणि एक पत्र असं की ते वाचून मी दोन दिवस उत्तरच लिहू शकलो नाही, ते शेवटी घेतलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण, काश्मीरच्या हंगुलच्या भाऊबंदांतलं. चांगला मोठा नर तीनशे किलोच्या पुढे जातो, आणि हा आकडा लक्षात ठेवा कारण पुढची जवळजवळ सगळी उत्तरं त्या वजनापाशीच येऊन थांबतात.

दादा, मी एच-१बीवर आहे. सह्याद्रीत भरपूर फिरलोय, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने दोनदा केलाय. यंदा बो घेतला. सप्टेंबरमध्ये कोलोरॅडोत एकट्यानेच एल्कला जावं म्हणतोय. व्हिसाची अडचण येईल का? आणि पहिल्याच वर्षी एकटं जाणं बरं का? (डॅलसहून)

आधी व्हिसाचं. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, हंटिंग लायसन्स असेल तर त्यात सूट आहे, पण धनुष्य त्या कायद्यातल्या फायरआर्मच्या व्याख्येत येतच नाही, त्यामुळे बोपुरता तो प्रश्न निकाली. आपले बरेच लोक बंदुकीऐवजी बोकडे वळतात त्याचं हेही एक कारण आहे.

लायसन्सचं मात्र नीट ऐक. १ जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतंच, ते टेक्सासचं असलं तरी चालतं. पूर्वी बाहेरच्या राज्यातला माणूस दुकानात जाऊन आर्चरी एल्कचा टॅग, म्हणजे धनुष्याने एक एल्क मारायचा परवाना, घेऊन यायचा, ते २०२५पासून राज्याच्या पश्चिम भागात, म्हणजे आय-२५ हायवेच्या पलीकडे, बंद झालं, आता ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, अर्ज करावा लागतो आणि अर्ज मार्चमध्ये सुरू होऊन एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. जूनमध्ये जाग आली तर ते वर्ष गेलं समज. बाहेरच्यांना टॅग आठशे डॉलरच्या वर पडतो. मोंटाना आणि आयडाहोत बो-हंटरचा वेगळा कोर्स लागतो. वायोमिंगचं तर असं आहे, की बाहेरच्या माणसाने तिथल्या वाइल्डरनेस एरियात, म्हणजे कायद्याने राखलेल्या रानात, मोठ्या प्राण्याच्या शिकारीला जायचं तर लायसन्सवाला गाइड किंवा तिथलाच रहिवासी सोबत असावा लागतो, म्हणजे एकटं जाण्याचा विषयच नाही.

आता दुसरा प्रश्न. नळीची वाट केलेल्या माणसाच्या पायांबद्दल मला शंका नाही. पण माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या वर्षी एकटा जाऊ नकोस. यंदा जुलै-ऑगस्टमध्ये बो न घेता त्याच रानात दोन-तीन रात्री एकटा राहून ये. दहा हजार फुटांवर झोप लागते का, डोकं दुखतं का, पाणी कुठे मिळतं, दुपारी ढग किती वाजता चढतात, हे सगळं अंगात भिनू दे. मग पहिला सीझन कुणाच्या तरी सोबत कर. आणि बोचा सराव करताना पन्नास बाण मारून झाल्यावरचा नेम धरू नकोस, सकाळी उठून थंड हाताने मारलेला पहिला बाण बघ. जेवणाच्या कागदी प्लेटमध्ये तो पहिला बाण दहा दिवस ओळीने ज्या अंतरावरून बसला, ते तुझं अंतर. माझं ३५ यार्ड आहे, बारा वर्षं झाली तरी तेवढंच आहे, आणि चाळीसवर उभा असलेला नर मी सोडून दिलेला आहे. आणखी एक, ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पातं, लावलेला बाण सरावाच्या टोकापेक्षा वेगळा उडतो, म्हणून जे पातं रानात नेणार त्यानेच महिनाभर मार. कायद्याने कमीत कमी ३५ पौंडांच्या ओढीचा बो आणि पाऊण इंचाहून जास्त, म्हणजे ७/८ इंच रुंदीचं पातं लागतं, पण एल्कसाठी ५५-६० पौंड तरी असावा असं मला वाटतं.

माझं अल्ट्रालाइट किट आहे, बेस वेट, म्हणजे खाणं-पाणी-गॅस सोडून वजन, साडेचार किलोच्या आत. तेच घेऊन बो-हंटला गेलो तर चालेल ना? (सॅन होजेहून)

तंबू, झोपायचं, स्वयंपाकाचं सगळं चालेल, सॅक अजिबात चालणार नाही. बिनफ्रेमची ८०० ग्रॅमची सॅक साडेचार किलो छान उचलते, तीस किलो मांस टाकलंत की ती पाठीवर पोत्यासारखी बसते आणि सगळा भार खांद्यावर येतो, कंबरेवर काही राहत नाही. मांसासाठी फ्रेमवालीच लागते, ती दोन-अडीच किलोची असते, ते वजन निमूट स्वीकारायचं. वाचवायचं ते बाकीच्यात.

माझं साधारण असं असतं : ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा सिलनायलॉनचा एकपदरी तंबू ७०० ग्रॅम, उणे सातपर्यंत चालणारी पिसांची क्विल्ट तेवढीच, फुगवायची मॅट साडेचारशे, टायटॅनियमचं एक भांडं, गॅसचा छोटा स्टोव्ह. बो बाणांसकट तीन किलोच्या आसपास. पाच दिवसांचं खाणं आणि दोन लिटर पाणी धरून गाडीपासून निघताना पंधरा-सोळा किलो होतं. स्पिरिटचा स्टोव्ह हलका म्हणून नेऊ नका, वणव्याच्या दिवसांत फायर बॅन लागला की बहुतेक ठिकाणी तो चालत नाही, बटण फिरवून बंद होणारा गॅसचाच चालतो. पाण्याच्या फिल्टरचं माझ्यावर बेतलेलं सांगतो, नळ्यांचा फिल्टर रात्री बाहेर राहिला, गोठला, आणि गोठलेल्या फिल्टरच्या आतल्या नळ्या फुटतात ते बाहेरून कळतच नाही. मी तसंच पाणी पीत राहिलो आणि घरी आल्यावर दहा दिवस पोट धरून होतो. तेव्हापासून फिल्टर रात्री क्विल्टमध्ये, पायाशी.

कॅम्प कुठे टाकायचा याला मात्र वजनाइतकंच महत्त्व द्या. एल्कचे डोळे चुकवता येतात, कान चुकवता येतात, नाक चुकवता येत नाही. डोंगरात सकाळी ऊन लागेपर्यंत थंड हवा उतारावरून खाली वाहत असते, ऊन चढलं की वर जायला लागते, आणि सूर्य डोंगराआड गेला की पुन्हा खाली. म्हणजे तुम्ही रात्री धारेवर झोपलात तर तुमचा वास रात्रभर खालच्या कुरणात उतरत राहणार, जिथे ती चरत असतात. मी गळ्यात पावडरची छोटी बाटली ठेवतो, दर दहा मिनिटांनी चिमूटभर उडवतो आणि ती जिकडे जाते ते बघूनच पाऊल टाकतो, नर अगदी समोर ओरडत असला तरी. आणि तंबू टाकायच्या आधी मान वर करून बघा. फ्लॅट टॉप्समध्ये १९४०च्या दशकात किड्याने मारलेल्या स्प्रूसचे सांगाडे कितीतरी वर्षं उभे होते, आताही नव्याने मेलेली झाडं ठिकठिकाणी आहेत. वाऱ्याच्या रात्री असं एखादं पडलं तर ७०० ग्रॅमच्या तंबूचा काही उपयोग नसतो.

बाण बरोबर बसला असं धरून चालू. त्यानंतर एकट्या माणसाने नेमकं काय करायचं? यूट्यूबवर बाण लागेपर्यंतच दाखवतात, मग डायरेक्ट फोटो. (डेन्व्हरहून)

हाच खरा प्रश्न आहे आणि तुम्ही विचारलात म्हणून मनापासून आभार.

बाण लागला की पहिलं काम म्हणजे बसून राहायचं. घड्याळ बघायचं, प्राणी कुठल्या झाडाशी दिसेनासा झाला ते झाड मनात पक्कं करायचं आणि हलायचं नाही. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्त जाऊन प्राणी पडतो. दोन्ही फुफ्फुसांतून गेला असेल तर एल्क शंभर-दीडशे यार्डांच्या आत आणि मिनिटाच्या आत पडतो, तरीही मी अर्धा तास थांबतो. मग बाण शोधायचा. त्यावर गुलाबीसर फेसाळ रक्त असेल तर फुफ्फुस, गडद लालकाळं असेल तर यकृत, आणि हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागलाय. यकृत असेल तर चार-सहा तास थांबायचं, पोटात असेल तर आठ-बारा तास, आणि हे थांबणं फार जड जातं, पण आधी उठलात तर तो मैलभर पळतो आणि मग सापडतच नाही.

सापडला की आधी टॅग, कायद्याने तो लगेच लावायचा असतो. मग कातडं. एकट्याने तीनशे किलोचं धूड उलटंपालटं करणं अवघड, म्हणून पोट न फोडता मांस काढायची पद्धत वापरतात. प्राणी एका कुशीवर, कण्यालगत उभा छेद, एका बाजूचं कातडं खाली सोलायचं, पुढचा पाय खांद्यासकट, मागची मांडी, पाठीची लांब पट्टी, मानेचं मांस, मग धूड पलटून दुसरी बाजू, आणि शेवटी बरगड्यांमागून हात घालून आतली दोन टेंडरलॉइन. सवय नसेल तर चार तास धरा. नर की मादी याचा पुरावा मांसाला लागलेला ठेवावा लागतो, कुठला भाग ते नियमावलीत आहे, तो कापून टाकू नका.

रात्री हेडलॅम्पच्या उजेडात हे करताना मांसातून वाफ निघत असते, बाहेर शून्याच्या आसपास असतं आणि तुमची बोटं बधिर झालेली असतात, ती मांडीच्या आत हाडापाशी घातली की शेकोटीसारखी ऊब लागते. ती ऊबच सगळ्यात मोठी शत्रू. कातडं आणि जाड मांस मिळून उष्णता धरून ठेवतात आणि हाडाजवळून मांस आंबायला लागतं, बाहेरून ते लालबुंद, सुंदर दिसत असतं. म्हणून मांडीत हाडापर्यंत चीर द्यायची, हवा खेळती राहील अशा कापडी पिशवीत घालायचं, उत्तरेकडच्या उतारावर गर्द सावलीत फांदीला टांगायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत मांस घालू नका. सप्टेंबरात दुपारी वीसच्या वर पारा जातो, माश्या असतातच.

आता वजन. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस नव्वद किलोपर्यंत निघतं. पंचवीस किलोच्या हिशेबाने चार खेपा, पाचवी कॅम्प उचलायला. गाडीपासून पाच किलोमीटर आत असाल तर पाच वेळा बाहेर आणि चार वेळा परत आत, म्हणजे ४५ किलोमीटर चाल, त्यातली निम्म्याहून जास्त ओझं घेऊन, दहा हजार फुटांवर. हातगाडी न्यावी असं कुणाच्याही मनात येईल, पण १९६४च्या वाइल्डरनेस कायद्यामुळे वाइल्डरनेस एरियात मोटारच काय, चाकाची गाडीसुद्धा नेता येत नाही.

माझ्या तिसऱ्या सीझनला मी सात किलोमीटर आत गेलो होतो. कारण तिथे एल्क होते, आणि पाय चालत होते. नर पडला, मी नाचलो, फोटो काढले, आणि मग चालायला लागलो. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची मांडी घ्यायला पोचलो तेव्हा सकाळपासून त्या फांदीवर ऊन आलं होतं, सावली कुठून कुठे सरकते ते मी टांगताना रात्री बघितलंच नव्हतं. हाडाशी चीर दिली आणि वास आला. वीस किलोच्या आसपास मांस असेल. ते मी तिथेच बसून बघत राहिलो. एक जनावर मी मारलं आणि त्याचा पाचवा हिस्सा माझ्या चुकीने सडवला, याची लाज मला अजूनही वाटते. कायद्यानेही खाण्यालायक मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे, पण मला त्या दिवशी कायदा आठवला नव्हता.

तेव्हापासून नकाशा बघताना मी गाडीच्या जागेपासून तीन किलोमीटरचं वर्तुळ काढतो आणि एकटा असताना त्याच्या बाहेर बाण सोडत नाही. त्याहून आत जायचंच असेल तर सीझनच्या आधीच घोडेवाल्याशी बोलून ठेवतो, किती पैसे, किती तासांत येणार. बाण मारून झाल्यावर शोधायला गेलात तर तो दुसऱ्याच कुणाचं तरी मांस आणायला गेलेला असतो.

अजून एक. कोलोरॅडोत हरणांना आणि एल्कला सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे, १९६०च्या दशकात तो पहिल्यांदा इथेच लक्षात आला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण पॉझिटिव्ह निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नका असा सरकारी आरोग्य खात्याचा सल्ला आहे. डोकं तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं नाव घालून ठेवा, कणा आणि मेंदू कापू नका.

पाच दिवस खायचं काय? ते पाकिटातलं अमेरिकन जेवण मला जात नाही. (शिकागोहून)

मलाही रोज नाही जात. वजनाचा हिशेब सोपा आहे, पिठूळ-गोड पदार्थात ग्रॅममागे चार कॅलरी आणि तेला-तुपात नऊ, म्हणजे आपलं तुपातलं खाणं रानासाठीच केलंय असं वाटावं. डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, गूळपोळी, दुधातल्या दशम्या पहिल्या दोन दिवसांसाठी. घरी भाजून ठेवलेलं उपम्याचं मिश्रण, त्यात सुकवलेले मटार आणि भरपूर तूप, वर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकलं की झालं. दहा हजार फुटांवर पाणी नव्वद अंशांच्याच आसपास उकळतं, त्यामुळे डाळ शिजवायच्या फंदात पडू नका, गॅस संपेल. मेतकूट आणि झटपट भाताचं पाकीट, संध्याकाळी भिजून आल्यावर याच्यासारखं काही नाही. दिवसाला सातशे ग्रॅम धरा. आणि हे सगळं झोपायच्या जागेपासून लांब, अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात, कारण तुपाचा वास त्यालाही आवडतो.

सर, मी कंपाउंड शिकतोय. महाराष्ट्रात किंवा भारतात कुठे कायदेशीर बो-हंटिंग करता येतं का? (नागपूरहून)

नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार बंद आहे, छंद म्हणून परवाना वगैरे काही मिळत नाही. पिकांचं नुकसान करणाऱ्या प्राण्यांबाबत वनखातं देतं त्या परवानग्या हा पूर्ण वेगळा विषय आहे, त्यात हौशी तिरंदाजाला जागा नाही. कुणी आतल्या भागात चल म्हणून बोलावलं तर जाऊ नकोस, आणि तसं कुणी करत असेल तर वनखात्याला कळव. इथे अमेरिकेत शिकार चालते ती टॅगची संख्या मोजून ठरते म्हणून, आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली शिकारीच्या सामानावरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांकडे जातो म्हणून, ही सगळी घडण आपल्याकडे नाही. पण तिरंदाजीसाठी तुला कुठे जायची गरजच नाही, तुझ्याच गावचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ला बर्लिनमध्ये कंपाउंडचे जगज्जेते झालेत. मी त्यांच्या फायनलचे बाण परत परत बघतो, बाणाची सुटका कशी शांत असते ते शिकायला.

दादा, माझे मिस्टर दर सप्टेंबरला आठवडाभर एकटे जातात. तुमचा लेख वाचून ते आणखी खूश झाले. मी मात्र घरी दोन मुलांना घेऊन फोनकडे बघत बसते. गेल्या वर्षी अडीच दिवस काही कळलं नव्हतं. त्यांना थांबवावं असं मला वाटत नाही. पण मी काय करू? (न्यू जर्सीहून)

ताई, तुमचं पत्र मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बायको म्हणाली, हे मी तुला नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं. म्हणून हे उत्तर आम्हा दोघांचं आहे.

अडीच दिवस काही न कळणं हे आता चालू देऊ नका. सॅटेलाइट मेसेंजर शंभर ग्रॅमचं यंत्र आहे, मोबाइलला रेंज नसली तरी आकाश उघडं असेल तिथून मेसेज जातो. नवीन फोनमध्येही आणीबाणीची सॅटेलाइट सोय आहे, पण थंडीत फोनची बॅटरी पटकन उतरते, तेवढ्यावर अवलंबून राहू नका. यंत्रापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ठरलेली वेळ. आमच्या घरी सकाळी सात आणि रात्री नऊ. मेसेज दोनच ठरलेले, ‘ठीक आहे, इथेच आहे’ आणि ‘ठीक आहे, जागा बदलली’. रात्रीचा चुकला तर सकाळची वाट बघायची, कारण दाट झाडीत मेसेज अडकतो. सकाळचाही चुकला तर दुपारी बारा वाजता त्या काउंटीच्या शेरीफला फोन, तिथे शोधपथक शेरीफच्याच हाताखाली असतं. तो नंबर, गाडी कुठे लावलीय, तंबूचा रंग, नकाशावर फुली, हा कागद फ्रिजवर असतो. बारा वाजता फोन करायचा की नाही हा विचार तुम्ही करायचा नाही, तो निघण्याआधी दोघांनी मिळून करून ठेवायचा.

आणि त्यांना चार गोष्टी विचारा, माझं नाव सांगून विचारा. दुपारी ढग जमले की धारेवरून खाली उतरता का? २०२५च्या सप्टेंबरमध्येच दक्षिण कोलोरॅडोत एल्कच्या बो-हंटला गेलेले दोन तरुण विजेने गेले. अंगात सुती बनियन घालता की लोकरीचं? भिजलेलं सुती कापड पाच-सात अंशांतही माणसाला गारठवून मारू शकतं. ब्रॉडहेड चालताना झाकलेले असतात का, आणि टूर्निके, म्हणजे रक्तस्राव थांबवायचा आवळपट्टा, खिशात आहे की सॅकच्या तळाशी? एकट्या माणसाला स्वतःच्याच सुरीची आणि पात्याची भीती सगळ्यात जास्त.

चौथं, ते कुठल्या राज्यात जातात? कोलोरॅडोत काळं अस्वल आहे, ते बहुतेक वेळा दूर राहतं. मोंटाना, वायोमिंग, आयडाहोत ग्रिझली, म्हणजे मोठं तपकिरी अस्वल, आहे. २०१८च्या सप्टेंबरमध्ये वायोमिंगच्या टीटन वाइल्डरनेसमध्ये बाणाने पडलेला एल्क दुसऱ्या दिवशी घ्यायला गेलेल्या अनुभवी गाइडला ग्रिझलीने मारलं, आणि तेव्हा ते दोघं होते. ग्रिझलीच्या मुलखात एकट्याने रात्रभर मांस ठेवून सकाळी परत जाणं मी स्वतः करत नाही, आणि त्यांनीही करू नये असं मला वाटतं. तिथे जायचंच तर सोबतीने, आणि बेअर स्प्रे कंबरेला.

हे सगळं त्यांच्याशी ऑगस्टमध्येच बोला, निघायच्या आदल्या रात्री नको. आणि शेवटच्या दिवशी गाडीपाशी पोचले की बूट काढायच्या आधी मेसेज करायचा, हे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. मी नऊ वर्षं तसंच करतोय.